मोठेपणी लेगो सुरू करायचंय? आधी तुकडे ओळखायला शिका, डबे नंतर जमवा

गेल्या महिन्यात ऑफिसच्या खाली पोहे खात उभ्या होतो तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, ताई मला पण ते लेगो सुरू करायचंय, सगळ्यात मोठा सेट कुठला घेऊ सांगा ना. पोह्यांवर जीरावन भुरभुरवत मी तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतेय, कारण असं विचारणारे आता इंदुरात बरेच झालेत आणि दर वेळी माझं अर्धं सांगून होतं आणि ऑफिसची वेळ होते.

तर सगळ्यात मोठा घेऊ नका. २०२२ चा आयफेल टॉवर १०,००१ पीसचा आहे, २०२१ चा जगाचा नकाशा ११,६९५ पीसचा, आणि तो डबा बघून जीव हरखतो हे मला पक्कं माहितीये. पण नकाशात बहुतेक सगळे टिकलीएवढे गोल पीस आहेत, टॉवरमध्ये तीच जाळी पुन्हा पुन्हा. महिनाभर बसाल, वस्तू देखणी होईल, पण पुस्तक बाजूला ठेवून एक साधं घर बांधा म्हटलं तर हात चालणार नाही. त्यापेक्षा क्रिएटर थ्री-इन-वन मधला ३०० ते ७०० पीसचा एखादा सेट घ्या. एकाच डब्यातल्या पिसांमधून तीन वेगळ्या वस्तू होतात, तिन्हींच्या कृती आत असतात. पहिली बांधा, चार दिवस ठेवा, मोडा, दुसरी बांधा, मोडा, तिसरी बांधा. तिसरी होईपर्यंत एकच उतरती ब्रिक कधी छप्पर होते, कधी पक्ष्याची पाठ होते, कधी उलटी लावून नावेचा तळ होते हे डोळ्यात बसतं. हेच शिकायचं असतं, बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

मोडायला जीवावर येतं, येऊ दे. फोटो काढून ठेवा आणि मोडा. सील न उघडता डबे ठेवून द्यायचे, सेट बंद झाला की चढ्या भावाने विकायचे, असं करणारेही लोक आहेत आणि त्यांचा तो हिशोब असेल, पण मी हे बांधणाऱ्यांसाठी लिहितेय. डबा उघडा.

विकत घेताना किंमत भागिले पीस असा हिशोब नेहमी करतात, समजा ३,००० रुपयांचा सेट ३०० पीसचा तर पीसमागे १० रुपये. तेवढ्यावर जाऊ नका. टिकल्यांनी भरलेला सेट या हिशोबात स्वस्त दिसतो, पण पुढे भिंत उभी करायची वेळ आली की २ बाय ४ च्या ब्रिक लागतात, म्हणजे ज्यांच्या अंगावर चार-चार स्टडच्या (वरच्या गोल उंचवट्यांच्या) दोन ओळी असतात, आणि त्या त्यात नसतात. डब्यावरचं चित्र झूम करून बघा, यातले किती पीस मला दुसरीकडे वापरता येतील हे स्वतःला विचारा.

आता मापं, कारण मापं पाठ नसली की सगळा खेळ अंदाजाचा होतो. एका स्टडच्या मध्यापासून पुढच्या स्टडच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. साधी ब्रिक स्टड सोडून ९.६ मिलिमीटर उंच. प्लेट, म्हणजे ब्रिकसारखाच पण पातळ पीस, ३.२, म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ब्रिक. आणि सगळ्यात कामाचं गणित हे, की पाच प्लेटची उंची १६ मिलिमीटर होते आणि दोन स्टडची रुंदीपण १६ मिलिमीटरच. म्हणजे आडवी वस्तू उभी केली तरी ती बरोब्बर बसवता येते, फक्त पाचाला दोन हे लक्षात ठेवायचं. स्टड वर न ठेवता बाजूला वळवून बांधायच्या या पद्धतीला बांधणारे स्नॉट म्हणतात, आणि स्वतःच्या मनाने केलेल्या बांधकामाला मॉक. हे दोन शब्द कानावर पडतीलच.

ही मापं बदललेली नाहीत हे मला फार मोठं वाटतं. वर स्टड आणि आत पोकळ नळ्या ही जी रचना आहे तिच्या पेटंटचा अर्ज डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ ला झाला, आणि तेव्हाची ब्रिक आजच्या ब्रिकवर बसते. आमच्याकडे माझ्या दिरांच्या लहानपणचा, त्यांच्या आत्याने बाहेरून आणलेला एक पत्र्याचा डबा माळ्यावर पडून होता, लाल-पांढऱ्या ब्रिक, कडा थोड्या घासलेल्या. मुलीच्या नव्या सेटमधली प्लेट मी त्यातल्या एका लाल ब्रिकवर दाबली आणि टक्क करून बसली. दिरांना फोन करून तो आवाज ऐकवला. माझं लेगो खरं तिथून सुरू झालं.

वर्गवारी. इथे नवीन माणूस हमखास रंगाने वेगळं करायला बसतो, लाल इकडे, काळं तिकडे, दिसायला छान दिसतं पण चालत नाही. काळ्या ढिगात काळी १ बाय १ ची प्लेट शोधून बघा, दहा मिनिटं जातील आणि डोळे दुखतील. उलट सगळ्या १ बाय १ च्या प्लेटा एका वाटीत असल्या तर त्यातली काळी लगेच दिसते, कारण डोळ्याला आकारापेक्षा रंग लवकर सापडतो. म्हणून आधी आकार. ब्रिक, प्लेट, टाइल म्हणजे वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट, उतरत्या ब्रिक, कमानी, गोल पीस, बिजागऱ्या आणि क्लिपा, टेक्निक या लेगोच्या यंत्रांच्या सेटमधल्या पिना, आणि छोटी माणसं वेगळी. एखाद्या आकाराचे पीस फारच झाले, वाटी भरून वाहायला लागली, तरच त्याचे रंगाने दोन भाग करा.

मोठा मिक्स ढीग हाताशी आला तर चाळा. हे मला सासूबाईंनी शिकवलं, मी जमिनीवर चादर पसरून एकेक उचलत बसले होते, त्या आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "अगं गहू अशी एकेक दाणा निवडतेस का? चाळणी घे." मोठ्या भोकांच्या चाळणीतून टिकल्या, १ बाय १ आणि पिना झटक्यात खाली पडतात, वर मोठ्या ब्रिक राहतात, निम्मं काम तिथेच संपतं. तेव्हापासून आमच्याकडे एक चाळणी लेगोचीच आहे. छोट्या पिसांसाठी मिसळणाचा डबा घ्या, सात वाट्या, वर घट्ट झाकण, यापेक्षा चांगलं काही मी बघितलं नाही. बांधताना पीस ओतायला कडा असलेलं मोठं ताट, खाली जुना टॉवेल म्हणजे आवाज होत नाही आणि पीस उडत नाहीत. पारदर्शक प्लास्टिकचे कप्पेवाले डबे इंदूरच्या राणीपुरा बाजारात बघा, पण आधी वर्गवारी करा आणि मग डबे आणा, कारण कुठल्या आकाराला किती जागा लागते हे ढीग पसरल्याशिवाय समजत नाही.

एकमेकांत अडकलेल्या प्लेटा दातांनी काढू नका. पीसवर दाताचा व्रण कायमचा राहतो आणि दाताचंही नुकसान. बऱ्याच मोठ्या सेटमध्ये नारिंगी रंगाचा सेपरेटर येतो, तो खाली आणि वर असे दोन लावून दाबले की सुटतं.

जुना माल घेताना सांभाळून. मुलं मोठी झाली की लोक किलोच्या भावाने डबे काढतात आणि हा ढीग वाढवायचा सगळ्यात स्वस्त रस्ता आहे, मी स्वतः पुष्कळ घेतलंय, पण एकदा फोटो बघून चार किलो घेतलं आणि घरी येऊन बघते तर निम्म्याहून जास्त दुसऱ्याच कुठल्या कुठल्या ब्रिक, काही इतक्या सैल की भिंत उचलली की सुटते, काही इतक्या घट्ट की दाबताना अंगठा लाल. रात्रभर बसून वेगळ्या केल्या. तेव्हा आता नियम आहे, मूठभर पीस हातात घेऊन प्रत्येक स्टडच्या डोक्यावर कंपनीचं नाव उठवलेलं आहे का ते उजेडात तिरकं धरून बघायचं. ब्रिकच्या त्या मूळ रचनेचं पेटंट कधीच संपलंय, त्यामुळे दुसऱ्या कंपन्या जुळणाऱ्या ब्रिक बनवतात ते कायदेशीर आहे आणि त्यातल्या काही चांगल्याही निघतात, पण मिसळून विकत घेऊ नका. तुमची भिंत सर्वात सैल ब्रिकएवढीच पक्की असते.

आणलेला जुना माल धुवा. पाणी कोमट, ४० अंशांच्या वर नको, गिझरचं कडक पाणी तर नकोच, पीस वाकतात. भांड्यांचं लिक्विड चार थेंब, उशीच्या जुन्या अभ्ऱ्यात पीस बांधून बादलीत हलक्या हाताने हलवा. स्टिकर लावलेले, छापील, मोटर आणि बॅटरीवाले वेगळे काढा, ते नुसते ओल्या फडक्याने पुसा. बोअरिंगचं पाणी असेल तर शेवटची खंगाळणी पिण्याच्या पाण्याने करा नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग दिसतात. आणि सावलीत, सुती कापडावर, पंख्याखाली वाळवा. गच्चीवर उन्हात नाही.

ऊन हा आपल्याकडचा मोठा प्रश्न आहे. पीस एबीएस प्लास्टिकचे असतात, १९६३ पासून हेच वापरतात, त्याआधी सेल्युलोज ॲसिटेट होतं जे वाकायचं. एबीएस मजबूत आहे पण सूर्यप्रकाशाने पिवळं पडतं, पांढरं आणि राखाडी सगळ्यात आधी दिसतं. मी एक पांढरं घर पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं होतं, दोन उन्हाळ्यांनंतर उचललं तर एक बाजू दुधासारखी आणि दुसरी जुन्या वर्तमानपत्रासारखी. पश्चिमेची खिडकी, गच्चीचा माळा, मे महिन्यात बंद उभी गाडी, या तीन जागा टाळा. काचेचं दार असलेलं कपाट आतल्या भिंतीला लावलेलं, हे उत्तम, धूळही कमी. धूळ झटकायला मेकअपचा मऊ मोठा ब्रश, दर आठवड्याला दोन मिनिटं, साठू दिली तर मग पूर्ण मोडून धुवावं लागतं.

आता ज्यासाठी हे सगळं, ते. कंपनीने ताजमहाल काढला, २०१७ चा ५,९२३ पीसचा मोठा आणि २०२१ चा २,०२२ पीसचा छोटा. आपला राजवाडा कोणी काढणार नाही, तो आपणच बांधायचा. आणि राजवाडा ब्रिकमध्ये बांधायला इतका योग्य आहे की मला वाटतं इंदूरच्या माणसाचा पहिला मॉक हाच असावा: सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी, म्हणजे खाली एक रंग, वर एक रंग, आणि समोरून बघितलं तर सगळं सरळ आडव्या ओळींत. १९८४ च्या आगीत आतला बराच भाग जळाला, दर्शनी भाग उभा राहिला, आणि आपल्या डोळ्यासमोर येतो तो दर्शनी भागच. सुरुवातीला तेवढाच बांधा, मागे सपाट भिंत.

सकाळी लवकर जा, अहिल्याबाईंच्या पुतळ्याच्या बागेच्या बाजूला उभं राहून अगदी समोरून फोटो काढा, तिरका नको. प्रिंट काढा, पट्टीने एका मजल्याची उंची आणि पूर्ण रुंदी मोजा, त्यांचं प्रमाण काढा. आता ठरवा एक मजला किती प्लेटचा. पहिल्या वेळी मी एक मजला एक ब्रिक अधिक एक प्लेट धरला, म्हणजे १२.८ मिलिमीटर, सात मजले जवळपास ९ सेंटिमीटर, तळहातावर मावणारा राजवाडा. हा छोटा आधी कराच. दोन संध्याकाळी लागतात आणि प्रमाण कुठे चुकतंय ते सगळं कळतं, माझी रुंदी दोन स्टडने जास्त झाली होती आणि इमारत बसकी दिसत होती. मग मोठा, चार ब्रिकचा एक मजला, ३८.४ मिलिमीटर, सात मजले मिळून साधारण २७ सेंटिमीटर.

दगडासाठी १ बाय २ ची ती ब्रिक घ्या जिच्या अंगावर विटांच्या रेषा कोरलेल्या असतात, सगळीकडे नाही, चार साध्या ब्रिकमागे एक, नाहीतर फरशी बसवल्यासारखं दिसतं. कोपऱ्यांतल्या गोल बुरुजांना २ बाय २ च्या गोल ब्रिक एकावर एक. खिडक्यांसाठी हेडलाइट ब्रिक म्हणून १ बाय १ चा पीस आहे, त्याची पाठ पुढे केली की छोटं चौकोनी भोक दिसतं, तेच झरोका. वरच्या लाकडी मजल्यांना जाळीची टाइल उभी लावली की लांबून लाकडी कठड्यासारखी दिसते.

आणि दरवाजा. राजवाड्याचा तो प्रचंड लाकडी दरवाजा, लोखंडी खिळे मारलेला, लहानपणी त्यावर हात ठेवून बघितला नाही असा इंदूरकर विरळा. तीन रविवार मी त्या दरवाज्यावर घालवले. गुळगुळीत तपकिरी टाइल लावून बघितली, नुसती पाटी वाटत होती. वरून गोल टिकल्या चिकटवल्या, फार जाड झालं. मग मोडताना एक तपकिरी प्लेट हातात उभी धरली गेली, स्टड माझ्याकडे तोंड करून, ओळीने, आणि कळलं की खिळे तर तिच्या अंगावरच आहेत. बाकी सगळीकडे आपण स्टड झाकायला टाइल शोधतो, इथे तेच दरवाजा झाले. ४ बाय ४ ची प्लेट उभी, वर १ बाय ६ ची कमान जिचं आतलं तोंड चार स्टडचं असतं, रुंदी जुळली.

ती उभी प्लेट धरायला मागे बाजूला स्टड असलेल्या १ बाय १ च्या ब्रिक लागतात, आणि इथे सगळे अडकतात म्हणून सावकाश सांगते. अशा दोन ब्रिक थेट एकावर एक ठेवल्या तर बाजूच्या दोन स्टडमधलं अंतर ९.६ होतं, पण प्लेटला हवं असतं ८ किंवा १६. बसत नाही, जोर केला तर प्लेट वाकते. एक ब्रिक, तिच्यावर दोन साध्या प्लेट, मग दुसरी ब्रिक, असं करा. ब्रिकच्या तीन आणि वरच्या दोन मिळून पाच प्लेट, १६ मिलिमीटर, दोन स्टड. तेच पाचाला दोन. प्लेट आपोआप जागेवर जाते.

रंगाबद्दल एक सावधगिरी, कारण वरचे चार मजले तपकिरी आहेत. जुन्या सेटमधला लालसर तपकिरी आणि गडद लाल रंग ठिसूळ निघतो, बांधणाऱ्यांच्या हे चांगलं ओळखीचं दुखणं आहे. क्लिपा आणि पातळ प्लेटा दाबल्या की टचकन तुटतात. जुन्या ढिगातला तपकिरी पीस साध्या भिंतीत वापरा, जिथे ताण येतो तिथे नव्या सेटमधला.

पीस कमी पडणारच. आधी स्टुडिओ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बांधा, फुकट आहे, कॉम्प्युटरवर चालतं, शेवटी पिसांची पूर्ण यादी नंबरासकट देतं. प्रत्येक आकाराला नंबर असतो आणि बहुतेक पिसांच्या आत तो बारीक कोरलेला सापडतो, २ बाय ४ ची ब्रिक ३००१, १ बाय १ ची प्लेट ३०२४. हे सॉफ्टवेअर ब्रिकलिंकचं, जिथे जगभरचे लोक सुटे पीस विकतात, २०१९ पासून ती साइट लेगो कंपनीचीच झाली. पण तिथून मागवण्याआधी हिशोब करा. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, आणि वर कुरिअर, त्यामुळे पन्नास टिकल्यांसाठी बाहेरून पार्सल मागवणं परवडत नाही. फिल्टर लावून भारतातले विक्रेते आधी बघा. नाहीतर यादी वहीत साठवत जा आणि चार-पाच जणांनी मिळून वर्षातून एकदा मागवा. आणि पुष्कळदा तोच पीस असलेला एखादा छोटा सेट इथल्याच दुकानात त्याहून स्वस्त पडतो, रिब्रिकेबल नावाच्या साइटवर पीसचा नंबर टाकला की तो कुठल्या कुठल्या सेटमध्ये आहे ते दिसतं. नवीन सीलबंद डब्यात एखादा पीस कमी निघाला तर कंपनीच्या साइटवर सेटचा आणि पीसचा नंबर भरायचा, फुकट पाठवतात.

मोठं मॉडेल हलवायचं असेल तर मजल्यांचे गट करून बांधा. माझा राजवाडा तीन आणि चार असा दोन तुकड्यांत सुटतो, मध्ये टाइलांची ओळ आणि फक्त चार स्टड उघडे, तेवढ्यावर वरचा भाग बसतो आणि दोन हातांनी सरळ वर उचलला की सुटतो. स्कूटरवरून नेताना एकेक तुकडा वेगळ्या डब्यात, भोवती जुना टॉवेल.

सध्या वरच्या मजल्याची जाळी बाकी आहे, चौदा तपकिरी जाळीच्या टाइल हव्यात, नऊ मिळाल्या. पोहेवालीने, म्हणजे त्या ऑफिसातल्या मैत्रिणीने, परवा तिचा पहिला थ्री-इन-वन घेतला आणि त्यात दोन निघाल्या. तिचं तिसरं मॉडेल बांधून झालं की त्या माझ्याकडे येणार आहेत, बदल्यात तिने कमानी मागितल्यात.